डाळीच्या डब्यामागची पेटी

आत्याला मी हे अजून सांगितलेलं नाही. आम्ही आरव्ही घेतली हे तिला ठाऊक आहे, "चाकांवरचं बिऱ्हाड कसं आहे गं?" असं ती दर फोनला विचारते. पण त्या बिऱ्हाडात तूरडाळ, पोहे आणि मिसळणाचा डबा यांच्यामागे एक लोखंडी पेटी आहे आणि त्या पेटीत पिस्तूल आहे, हे सांगायचं धाडस काही झालं नाही. आता वाचून कळेलच. आत्या, लगेच फोन लावू नकोस, आधी पूर्ण वाच.

ज्यांना आरव्ही हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: पुढे ट्रकसारखी केबिन आणि मागे अख्खं घर. आमचं पंचवीस फुटांचं, सेकंडहँड. शेगडी, फ्रिज, मोरी, शेवटी पलंग. कुकरची शिट्टी झाली की सगळं घर थरथरतं. भिंती म्हणजे फायबरचा पत्रा आणि आत फोम. बाहेरच्या कप्प्यांची कुलपं तर विनोदच आहेत. हजारो आरव्हींच्या कप्प्यांना एकाच नंबरची किल्ली चालते, सीएच७५१ म्हणून. आमचीही तीच निघाली!

पिस्तूल आलं ते पहिल्याच सहलीनंतर, २०२२ मध्ये. पश्चिम टेक्सासात हायवेच्या एका विसाव्याच्या जागी आम्ही रात्रीपुरते थांबलो होतो. मध्यरात्री कुणीतरी दार गदागदा हलवलं. मग पुढच्या गाडीचं हलवलं, मग निघून गेलं. एवढंच. पण ९११ वरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, सर्वात जवळची पोलिसांची गाडी चाळीस मिनिटांवर आहे. ते 'चाळीस मिनिटं' नवऱ्याच्या डोक्यात बसले. डॅलसला परत आल्यावर महिन्याभरात त्याने पिस्तूल घेतलं.

एरवी हा माणूस झुरळ मारताना मला हाक मारतो. एच-वनवर असताना बंदूक विकत घेणं सहसा शक्यच नसतं, आणि नंतर सिटिझनशिप मिळाल्यावरही इतक्या वर्षांत आम्हाला तसा विचार कधी शिवला नव्हता. त्यामुळे मी भांडले. दोन आठवडे. शेवटी तो म्हणाला, "तू निदान वर्गाला तरी चल. घरात असणारच असेल तर तुला ती रिकामी करता आली पाहिजे." यावर मला उत्तर सुचलं नाही. गेले. परवान्याच्या परीक्षेत पन्नास गोळ्या झाडाव्या लागतात, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून. माझे गुण त्याच्यापेक्षा जास्त आले :-) परवाना मात्र मी काढला नाही, त्याने काढला. टेक्सासात २०२१ च्या सप्टेंबरपासून परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं, मग काढायचा कशाला? तर बाकीची राज्यं टेक्सासचा कागद बघतात म्हणून. सगळी नाही, काही.

मला बंदूक नवीन नव्हती, हे इथल्या कुणालाच खरं वाटत नाही. कुडाळजवळच्या आमच्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक होती. शेतीसंरक्षणाचा परवाना, रानडुकरांसाठी. माजघराच्या भिंतीवर खुंट्यांना टांगलेली असायची. आम्हा पोरांना तिच्याखाली खेळायलासुद्धा बंदी. निवडणुका आल्या की आजोबा ती जुन्या धोतरात गुंडाळून एसटीने पोलीस ठाण्यात जमा करायला जायचे आणि निकाल लागल्यावर परत आणायचे. आणली की आजी वैतागायची, कारण ते सगळी दुपार तिला तेलपाणी करत बसायचे. डुक्कर त्यांनी आयुष्यात दोनच मारले. बाकी नुसते आवाजाचे बार. एकदा माझ्या धाकट्या काकाने मस्करीत ती कुणावर तरी रोखली. आजोबांनी त्याच्या कानाखाली आवाज काढला आणि म्हणाले, "बंदुकीचा भय गेला काय ती नेऊन पोलिसात देऊची." काका तेव्हा बावीस वर्षांचा होता.

तर अशी मी, आणि असा माझा नवरा, २०२४ च्या जानेवारीत निघालो. लेकीकडे, लॉस एंजेलिसजवळ. डॅलस, एल पासो, न्यू मेक्सिको, अॅरिझोना, मग कॅलिफोर्निया. नवऱ्याने एक्सेल शीट केलं होतं. राज्य, परवाना चालतो का, गाडीत भरलेली चालते का, मॅगझिनमध्ये किती गोळ्या. मी हसले होते, पण ते शीट वाचताना माझं डोकं गरगरलं.

कारण नियम असे आहेत. न्यू मेक्सिकोत गाडीत भरलेलं पिस्तूल चालतं. अॅरिझोनात २०१० पासून परवान्याचीच गरज नाही. कॅलिफोर्निया दुसऱ्या कुठल्याही राज्याचा परवाना मानत नाही. तिथे प्रवासात पिस्तूल रिकामं आणि कुलपात, आणि दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन राज्यात आणायचंच नाही. म्हणून आमचं पंधराचं मॅगझिन घरी राहिलं. १९८६ चा एक केंद्रीय कायदा आहे, तो म्हणतो की निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या ठिकाणी बंदूक कायदेशीर असेल तर मधल्या राज्यांतून नेता येते, पण रिकामी आणि हाताशी येणार नाही अशी. गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलपाच्या पेटीत. ग्लव्ह बॉक्स धरत नाहीत. आता आरव्हीला कसली वेगळी डिकी? स्वयंपाकघरातून दोन पावलांवर स्टिअरिंग! शिवाय शाळेपासून हजार फुटांच्या आतला आणखी एक केंद्रीय कायदा आहे. तिथे परवान्याची सूट मिळते ती त्याच राज्याने दिलेल्या परवान्याला. म्हणजे न्यू मेक्सिकोतल्या गावातल्या रस्त्यावरून शाळेसमोरून जाताना टेक्सासचा कागद उपयोगाचा नाही, पिस्तूल रिकामं करून कुलपात हवं. छोट्या गावांत मुख्य रस्त्यावर शाळा नसेल असं होतं का कधी?

आणि माझा सगळ्यात आवडता भाग. आरव्ही हे घर की गाडी? टेक्सासच्या कायद्यात, रात्री राहण्यासाठी बनवलेलं वाहन म्हणजे घरच. घुसखोरापासून बचाव करताना तुम्ही घरात आहात. पण १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कॅलिफोर्निया विरुद्ध कार्नी या खटल्यात सांगितलं की रस्त्यावर चालू शकणारी मोटरहोम झडतीच्या बाबतीत गाडी आहे, सबळ कारण असेल तर वॉरंट लागत नाही. सान डिएगोतल्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या एका मोटरहोमवरून हा खटला झाला. म्हणजे संरक्षण करताना घर आणि झडती घेताना गाडी. नवऱ्याला हे वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "म्हणूनच कागदपत्रं नीट ठेवायची."

त्या कागदपत्रांची वेळ दुसऱ्याच दिवशी आली. व्हॅन हॉर्नच्या अलीकडे मागचा एक दिवा गेला होता, पोलिसाने थांबवलं. नवऱ्याने काच खाली केली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि लायसन्स मागितल्यावर सांगितलं की माझ्याकडे पिस्तुलाचा परवाना आहे, पिस्तूल मागे पेटीत आहे, आता मी खिशातून पाकीट काढतोय. हे सगळं त्याने घरी आरशासमोर पाठ केलं होतं. मी पाहिलं होतं.

मी शेजारी बसून फिलँडो कॅस्टाइलचा विचार करत होते. ६ जुलै २०१६, मिनेसोटा. त्याच्याकडेही परवाना होता. त्यानेही पोलिसाला आपणहून सांगितलं होतं की माझ्याकडे बंदूक आहे. पुढच्या काही सेकंदांत त्याला गोळ्या लागल्या. शेजारी मैत्रीण, मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी. पोलीस अधिकारी २०१७ मध्ये निर्दोष सुटला. तो काळा होता, आम्ही सावळे. फरक आहे, मला माहीत आहे. पण किती आहे हे त्या खिडकीपाशी उभ्या माणसावर अवलंबून असतं.

आमच्या खिडकीपाशी उभा माणूस अगदी सभ्य होता. दोन्ही कार्ड बघितली, दिवा बदला म्हणाला, हसला, गेला. नवऱ्याचा शर्ट पाठीवर चिकटला होता. बाहेर थंडी होती. मी म्हटलं, "ही वस्तू आपल्याला सोबत म्हणून घेतली ना आपण?" तो काही बोलला नाही.

मधले दिवस छान गेले. टक्सनजवळ सग्वारो नॅशनल पार्कात दीड दीड माणूस उंच निवडुंग बघितले, आणि त्याहूनही उंच. नॅशनल पार्कमध्ये फेब्रुवारी २०१० पासून त्या त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे बंदूक बाळगता येते, पण तिथल्या सरकारी इमारतींत नाही. व्हिजिटर सेंटरच्या दारावर तशी पाटी होती. त्यामुळे पेटी गाडीतच. मी आत निश्चिंतपणे अर्धा तास भटकले आणि मग जाणवलं की तीन दिवसांत पहिल्यांदाच निश्चिंत आहे.

मग क्वार्ट्झसाइट. अॅरिझोनाच्या पश्चिम टोकाला, कॅलिफोर्नियाची सीमा वीसेक मैलांवर. उन्हाळ्यात ओसाड गाव, पण हिवाळ्यात इथे आरव्हीवाल्यांची जत्रा भरते. बहुतेक सगळे निवृत्त, उत्तरेकडची थंडी टाळायला आलेले. सरकारी वाळवंटी जमीन, वीज नाही, नळ नाही, मनाला येईल तिथे गाडी लावायची. गावच्या दफनभूमीत एक दगडी पिरॅमिड आहे, वर उंटाची आकृती. १८५० च्या दशकात अमेरिकन सैन्याने उंट आणून बघितले होते, त्यांच्याबरोबर आलेल्या हाजी अली नावाच्या उंटवाल्याची ही समाधी. लोकांना त्याचं नाव उच्चारता येईना म्हणून तो 'हाय जॉली' झाला. माझ्या नावाचं ऑफिसात जे झालं ते आठवून मी त्याला मनापासून नमस्कार केला.

त्या रात्री दोनच्या सुमाराला गाडी झुकली.

आरव्हीत राहिल्याशिवाय हे कळणार नाही. दाराबाहेरच्या पायरीवर कुणी पाय ठेवला की अख्खी गाडी किंचित त्या बाजूला कलते. झोपेतही कळतं. मग हँडल फिरवल्याचा आवाज. परत. मग काहीतरी धातूचं दारावर खरवडतंय.

नवरा माझ्या आधी उठला. डाळीचे डबे बाजूला सरकल्याचा आवाज, मग पेटीच्या बटणांचे चार टिक. मला ते चार टिक आजही ऐकू येतात. अंधारात तो पलंगाशेजारी उभा, पिस्तूल दाराकडे. दार आणि तो यांच्यात अठरा फूट. त्याने वर्गात शिकवलं होतं तसं मोठ्याने सांगितलं, "कोण आहे? मागे व्हा. माझ्याकडे बंदूक आहे."

बाहेरचा माणूस म्हणाला, "अगं, दार उघड. थंडी वाजतेय."

इंग्रजीत, अर्थातच. पण सूर अगदी तसाच होता, घरच्या माणसावर चिडल्यासारखा. चोर असा चिडत नाही. नवरा परत ओरडला. बाहेरून परत तेच, आणि हँडल जोरात. "ही माझी गाडी आहे. किल्ली का लागत नाहीये?"

मी कशी उठले आठवत नाही. त्याच्या आणि दाराच्या मधून नाही गेले, एवढं भान होतं. ओट्यावरच्या खिडकीचा पडदा सरकवला आणि बाहेरचा दिवा लावला. पायजमा, वर स्वेटर उलटा घातलेला, एका पायात सपाता, दुसऱ्यात नुसता मोजा. ऐंशीच्या आसपासचे गृहस्थ. हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि एकेक किल्ली आमच्या कुलपात घालून बघत होते.

"ठेव ते," मी म्हटलं. "अरे, ठेव ते खाली."

त्याने हात खाली केला. बोट ट्रिगरच्या बाहेर होतं, हे मी पाहिलं. वर्गातलं तेवढं त्याच्या हाताने लक्षात ठेवलं होतं. पण त्या क्षणी मला दुसरंच दिसलं. दाराच्या सरळ रेषेत, त्या गृहस्थांच्या मागे वीस पावलांवर, आणखी एक आरव्ही होती. आत कुणीतरी झोपलेलं. आमचं दार म्हणजे पातळ पत्रा आणि फोम. गोळीला ते दार म्हणजे पुठ्ठा.

मी दार उघडलं, शाल त्यांच्या अंगावर टाकली आणि विचारलं, घर कुठे? ते आमच्याच गाडीकडे बोट दाखवत राहिले. त्यांची चूकही नव्हती म्हणा. चौथी गाडी आमच्याच कंपनीची, तोच आकार, त्याच तपकिरी पट्ट्या. त्यांच्या बायकोला उठवलं. तिने त्यांना बघितलं आणि हाताने तोंड झाकलं.

पहाटेपर्यंत आम्ही दोघं चहा पीत बसलो. फारसं बोललो नाही. नवऱ्याने एकदाच विचारलं, "मी चुकलो का?" आणि मला खरंच माहीत नव्हतं. कायद्याने त्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं. आवाज दिला, ताकीद दिली, थांबला. दारावर कुणीतरी खरोखरच आत घुसायचा प्रयत्न करत होतं. चाळीस मिनिटांचा हिशेबही खोटा नव्हता.

मला योशिहिरो हात्तोरी आठवला. १९९२ चा ऑक्टोबर, लुइझियानातलं बॅटन रूज. सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोवीनच्या पार्टीला निघाला आणि चुकीच्या घराशी गेला. घरमालकाने 'फ्रीझ' म्हणून ओरडून सांगितलं. 'थांब' असा त्याचा अर्थ त्या पोराला कळला नसावा, असं तेव्हा म्हटलं गेलं. तो पुढे आला आणि गेला. घरमालक फौजदारी खटल्यात सुटला. आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये कॅन्सस सिटीत पुन्हा एक सोळा वर्षांचा मुलगा. भावंडांना आणायला गेला आणि भलत्याच घराची बेल वाजवली. तो वाचला. या बातम्या वाचताना मी नेहमी बेल वाजवणाऱ्याच्या बाजूला असायचे. परक्या देशात, परक्या दारापाशी, भाषा अर्धीमुर्धी कळणारी मी. दाराच्या आतल्या बाजूला मी कधी असेन असं वाटलंच नव्हतं.

सकाळी नऊला त्यांची बायको आली, हातात बनाना ब्रेड, अजून गरम. दोन वर्षं झाली विसरायला लागून, म्हणाली. घरी दाराला वरच्या बाजूला कडी लावून घेतली आहे, त्यांचा हात पोहोचत नाही तिथे. गाडीत ते जमत नाही. या वर्षीची ही शेवटची सहल, मुलांनी सांगितलंय. मग तिने विचारलं, "तुम्हाला घाबरवलं नाही ना त्यांनी?"

"नाही नाही," मी म्हटलं. "आम्ही जागेच होतो."

ती हसली. "तुमची टेक्सासची नंबरप्लेट बघून काल रात्री माझ्या पोटात गोळाच आला होता."

मीही हसले. नवरा आत भांडी घासत होता. मोरीच्या नळाचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला. मी तिला काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं मला कधी कधी वाटतं, म्हणजे तिने पुढच्या मुक्कामी झोपताना किल्ल्या लपवल्या असत्या. पण ब्रेड हातात घेऊन ते कसं सांगायचं?

निघताना नवऱ्याने पिस्तूल रिकामं केलं, दोनदा तपासलं, गोळ्या वेगळ्या डब्यात घातल्या आणि पेटीला कुलूप लावलं. पुढे कॅलिफोर्निया होतं, कायदा तेच सांगतो. लेकीकडे दहा दिवस राहिलो. तिला आम्ही ही गोष्ट सांगितली तेव्हा ती दोघांकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "बाबा, तू ओरडलास ना आधी?" तिचे बाबा हो म्हणाले.

परतताना ब्लाइदपाशी कोलोरॅडो नदीचा पूल ओलांडला आणि पुन्हा अॅरिझोना लागलं. पहिल्याच पेट्रोल पंपावर थांबलो. आता शीटप्रमाणे पेटी उघडायला हरकत नव्हती. मी डाळीच्या डब्यांकडे बघत होते. नवऱ्याने डिझेल भरलं, काचा पुसल्या, दोन कॉफ्या आणल्या आणि गाडी सुरू केली. डॅलसपर्यंत तो पेटीकडे गेला नाही. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

पुढची सहल ऑक्टोबरात करायची म्हणतोय. पेटीचं काय करायचं यावर अजून बोलणं झालेलं नाही. आत्या, तुझ्याकडून मात्र एक तोरण हवंय, ते लाल-पिवळ्या लोकरीचं, तू विणतेस तसं. आमच्या दारावर बाहेरून लावायचंय. लांबून ओळखू येईल असं मोठं कर.